वाचकांचे प्रश्न : शंभर वर्षांपूर्वीची अमेरिका आणि आपला खान्देश

गेल्या अंकात अमेरिकेच्या १९०० ते १९२० या काळावर लिहिलं, तेव्हा इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. अमळनेरला एकतीस वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेचा धडा आला की मागच्या बाकावरची पोरं खिडकीबाहेर बघायला लागायची. आणि आता धरणगाव, पारोळा, शिरपूर, नंदुरबार, चाळीसगावहून पत्रं आलीत, प्रत्येकाने आपल्या घरादाराशी जोडून प्रश्न विचारलेत. त्यातली पाच इथे घेते. सगळ्यांना सारखी जागा देता आलेली नाही. पहिल्या पत्राने माझी झोप उडवली, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

एक अंगणवाडी सेविका, धरणगाव : *ताई, ८ मार्चच्या कार्यक्रमात पाहुण्यांनी सांगितलं की न्यू यॉर्कच्या कापड कारखान्यात दीडशे बायका जळून गेल्या आणि त्यांच्या आठवणीत महिला दिन सुरू झाला. हे खरं का? आणि त्या बाहेर का पळाल्या नाहीत?*

आग खरी आहे. महिला दिनाशी तिचा संबंध मात्र नंतर लोकांनी जोडला. न्यू यॉर्कच्या समाजवादी बायकांनी पहिला महिला दिन २८ फेब्रुवारी १९०९ ला पाळला. युरोपात तो १९ मार्च १९११ ला झाला आणि आग लागली त्यानंतर सहा दिवसांनी, २५ मार्च १९११ ला. ८ मार्च ही तारीख रशियातल्या १९१७ च्या बायकांच्या मोर्चावरून पक्की झाली. पाहुण्यांची चूक मोठी नाही, पण ज्या गेल्या त्यांची तारीख तरी नीट सांगावी असं मला वाटतं.

कारखान्याचं नाव ट्रँगल. त्या काळी बायका घालायच्या ते झंपर तिथे शिवले जात. दहा मजली इमारत, त्यात वरचे तीन मजले या कारखान्याचे. शनिवार होता, पगाराचा दिवस, दुपारचे पावणेपाच व्हायला आलेले. सुट्टीची वेळ. आठव्या मजल्यावर कापड बेतायच्या टेबलाखाली चिंध्यांची पेटी होती, ती पेटली. आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर, म्हणजे मालकांच्या मजल्यावर, फोन गेला. ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत गेले. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथे अडीचशेच्या आसपास माणसं यंत्रांच्या लांबलचक रांगांमध्ये बसलेली होती. त्यांना आग कळली ती खिडकीतून आत आली तेव्हा.

नवव्या मजल्यावरून खाली जायला दोन जिने. एका जिन्यात ज्वाळा शिरलेल्या. दुसऱ्या जिन्याच्या दाराला कुलूप. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकून कोसळला. दोन लिफ्टवाले जितक्या खेपा मारता येतील तितक्या मारत राहिले, त्यांनी पुष्कळ जीव वाचवले. अग्निशमन दल वेळेत आलं, पण त्यांची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. पोरींनी हातात हात धरून खिडक्यांमधून उड्या टाकल्या. १४६ जण गेले, त्यात १२३ बायका आणि मुली. बहुतेक जणी इटलीहून आलेल्या, किंवा पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतल्या, सोळा ते तेवीस वयाच्या. सगळ्यात लहान होती ती चौदा वर्षांची.

कुलूप कशासाठी? कामावरून सुटताना सगळ्यांनी एकाच दारातून जावं आणि तिथे प्रत्येकीची पिशवी उघडून बघता यावी, म्हणून. कुणी कापडाचा तुकडा लपवून नेऊ नये म्हणून.

बाई, इथवर लिहिलं आणि मी चष्मा काढून ठेवला. माझी आई अकरा हंगाम जिनिंगमध्ये कामाला होती. जिनिंगचं नाव लिहीत नाही. जिनच्या लांब ओळी, ओळीमागे उभ्या बायका, तोंडाला पदर बांधलेला, भुवयांवर रुईचे तंतू. कवडी आणि पालापाचोळा वेगळा काढायचा आणि कापूस रोलरवर सारायचा. मी डबा घेऊन जायची. मला आठवतं ते दार. सागाच्या फळ्यांचं, त्यावर आडवी लोखंडी पट्टी आणि माझ्या हाताच्या मनगटाएवढी जाड कडी. ती बाहेरून लावलेली असायची. सुटताना एक बाई दाराशी उभी राहून प्रत्येकीचा पदर झटकून बघायची, कुणी रुई नेते का म्हणून. आई म्हणायची, "दारनी कडी बाहेरथून लायेल ऱ्हाये, पोरी. डबा खिडकीतून देत जाय."

१९६७ च्या हंगामात एकदा कापसातून आलेला खडा रोलरमध्ये सापडला आणि ठिणगी उडाली. रुईला ठिणगी लागली की ती आधी आतल्या आत धुमसते आणि मग एकदम उठते. कडी काढणारा मुकादम चहाला गेलेला. बायकांनी दारावर हात बडवले, मग कापसाचे पाटे घेऊन दार बडवलं. रस्त्यावरून चाललेल्या एका हमालाने कडी काढली. कुणी गेलं नाही. आईच्या डाव्या कोपरापासून मनगटापर्यंतचं कातडं मात्र कायमचं गुळगुळीत आणि चकचकीत झालं. पुढे ती भाकरी थापायला बसली की चुलीच्या उजेडात तो हात वेगळाच दिसायचा. मालकाने आठ दिवसांची मजुरी दिली. दुसऱ्या सोमवारी कडी पुन्हा बाहेरून लागली.

ट्रँगलचं पुढे काय झालं ते आता सांगते, कारण इथेच आपल्या आणि त्यांच्या गोष्टीत फरक पडतो. मालकांवर खटला चालला आणि १९११ च्या डिसेंबरातच ते सुटले. दार बंद होतं हे त्या घटकेला मालकांना ठाऊक होतं, असं नक्की सिद्ध झालं नाही, म्हणून. १९१४ मध्ये दिवाणी दाव्यात एका जिवापाठी ७५ डॉलर ठरले. त्याच मालकांपैकी एक १९१३ मध्ये दुसऱ्या कारखान्याचं दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल पुन्हा पकडला गेला. दंड किती, तर २० डॉलर. कोर्टाने न्याय दिला नाही, एवढं स्पष्ट लिहिते.

न्याय थोडाफार आला तो दुसऱ्या वाटेने. आगीच्या त्या दुपारी जवळच एका घरी चहाला आलेली एक तीस वर्षांची बाई गलका ऐकून धावत आली आणि रस्त्यावर उभी राहून तिने ते सगळं पाहिलं. फ्रान्सिस पर्किन्स. राज्याने चौकशी आयोग नेमला, त्याच्या कामात ती उतरली. तिने एक केलं : आमदारांना अहवाल वाचायला न देता कारखान्यात नेलं. रॉबर्ट वॅग्नर नावाचे राज्याच्या वरच्या सभागृहाचे आमदार होते. त्यांना एका कारखान्याच्या भिंतीतल्या भोकातून रांगत बाहेर काढलं. कागदोपत्री ती 'आगीत सुटकेची वाट' होती. पलीकडे बर्फाने माखलेली लोखंडी शिडी, आणि ती शिडी जमिनीपासून बारा फुटांवर संपलेली. माणूस एकदा त्या भोकातून गेला की त्याला भाषण द्यावं लागत नाही. तीन वर्षांत न्यू यॉर्कने तीसहून अधिक कामगार कायदे केले : दारं कामाच्या वेळी कुलूपबंद नकोत, पाण्याचे फवारे हवेत, आगीची तालीम हवी, बायकांचे तास आठवड्याला चोपन्नच्या वर नकोत. पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली बाई.

आणि हेही विसरू नका की आगीच्या आधी, १९०९ च्या हिवाळ्यात, याच धंद्यातल्या वीस हजारांवर पोरी संपावर गेल्या होत्या. सभेत पुढारी दोन तास बोलत राहिले, तेव्हा क्लारा लेमलिक नावाची तेवीस वर्षांची पोरगी उठली, यिडिश भाषेत म्हणाली की बोलणं पुरे, संपाचा ठराव मांडते. कित्येक कारखान्यांनी त्यांच्याशी करार केले. ट्रँगलने केला नाही.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, ती याच्याही वीस वर्षं आधी. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही आगीच्या वेळी सगळ्यांना सुखरूप बाहेर पडता येईल अशी वाट ठेवणं बंधनकारक आहे. माझ्या आईच्या दाराला कडी लागली तेव्हा तो कायदा होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तुम्ही अंगणवाडीत आहात, गावातल्या बायका कुठे कुठे कामाला जातात ते तुम्हाला ठाऊक असतं. पुढच्या ८ मार्चला पाहुणा बोलवण्याआधी त्या ठिकाणांची दारं कुठून लागतात ते बघून या.

एक शेतकरी, पारोळा तालुका : *अमेरिकेत कापसाच्या किडीचा पुतळा उभारलाय असं मोबाईलवर आलं होतं. आमच्याकडे गुलाबी बोंडअळीने तीन वर्षं लागोपाठ कंबरडं मोडलं. किडीचा पुतळा कोण उभारेल? खोटं असेल तर तसं लिहा.*

खरं आहे, भाऊ. अलाबामा राज्यात एंटरप्राइझ नावाचं गाव आहे. तिथे ११ डिसेंबर १९१९ ला हे स्मारक उभं राहिलं. तेव्हा नुसती एक स्त्री हात वर करून उभी होती, तिच्या हातातला किडा तीस वर्षांनी, १९४९ मध्ये बसवला. खाली दगडावर या किडीचे आभार मानले आहेत.

ती कीड म्हणजे आपली बोंडअळी नाही. तो सोंड असलेला एक लहान भुंगा. पातीला आणि बोंडाला भोक पाडून आत अंडं घालतो. १८९२ च्या सुमाराला तो मेक्सिकोतून टेक्ससमध्ये आला आणि दरवर्षी थोडा थोडा पूर्वेकडे सरकत तीस वर्षांत जवळपास सगळा कापूसपट्टा व्यापून बसला. आणि तुम्हाला नवल वाटेल, आपल्याकडची गुलाबी बोंडअळी, जी भारतातल्या कापसावर शास्त्रज्ञांनी १८४० च्या दशकात नोंदवली होती, ती सरकीबरोबर फिरत फिरत मेक्सिकोमार्गे १९१७ मध्ये टेक्ससमध्ये पोचली.

एंटरप्राइझच्या लोकांनी कापसाऐवजी भुईमूग लावला. १९१७ पर्यंत त्यांचा जिल्हा भुईमुगात देशात पहिला आला. म्हणून आभार. पण गोष्ट इतकी गोड नाही. भुईमूग लावायला जमीन आपली पाहिजे आणि कर्ज देणारा तयार पाहिजे. दक्षिणेतले बहुतेक काळे शेतकरी आणि बरेच गरीब गोरेही बटाईने कसत. बी, खत, पीठ, मीठ गावच्या दुकानदाराकडून उधार, आणि तारण उभं पीक. दुकानदार म्हणायचा, कापूसच लाव, कारण कापसालाच गिऱ्हाईक आहे. हिशोबाची वही त्याच्याकडे. हंगामाच्या शेवटी शेतकऱ्याच्या अंगावर बाकी निघायचीच. हे मी पारोळ्याच्या माणसाला समजावून सांगावं असं काही नाही.

तुम्हाला उपयोगाची एक गोष्ट सांगते. १९०३ मध्ये टेक्ससच्या टेरेल गावात सीमन नॅप नावाच्या सत्तरीच्या माणसाने प्रयोग केला. तोवर सरकारी प्रयोगशेतं होती, पण शेतकरी म्हणायचे, सरकारच्या पैशावर काय, काहीही पिकेल. नॅपने एका शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतात, त्याच्याच हाताने लागवड करून घेतली : लवकर येणारं बी, लवकर पेरणी, वारंवार मशागत, हंगाम संपल्यावर झाडं उपटून जाळणं. नुकसान झालं तर भरून देऊ, ही हमी गावच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून घेतली. वर्षाअखेर त्या शेतकऱ्याला सातशे डॉलर जास्त मिळाले. यातूनच पुढे १९१४ चा कायदा झाला आणि जिल्ह्या-जिल्ह्यात शेतीचा सल्लागार नेमला गेला. टस्कीगीच्या काळ्या लोकांच्या संस्थेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होते, जन्माने गुलाम, पुढे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९०६ पासून घोडागाडीत अवजारं आणि बियाणं भरून शेतकऱ्याच्या बांधावर शाळा नेली.

त्या हमीकडे बघा, भाऊ. आपल्याकडे प्रात्यक्षिक होतं, फलक लागतो, फोटो निघतो. बुडालं तर कोण भरणार, हे कुणी बोलत नाही. आणि दुसरं, अमेरिकेने २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी आपल्या देशातून संपल्याचं जाहीर केलं. बीटी बियाणं, नसबंदी केलेले पतंग आणि फवारणी हे सगळं होतंच, पण ठरल्या तारखेच्या आत प्रत्येक शेतातली पऱ्हाटी काढायची, एकानेही मागे ठेवायची नाही, हा नेमही होता. तुम्ही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं ठेवून दुसरं पीक, घेता का ते पत्रात लिहिलं नाही. घेत असाल तर सोडा. शेजाऱ्यालाही सोडायला लावा, नाहीतर तुमचं सोडणं वाया जाईल.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नंदुरबार : *अमेरिकेची सतरावी घटनादुरुस्ती सोप्या शब्दांत सांगा.*

सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह. १९१३ पर्यंत तिथल्या सदस्यांना, म्हणजे सिनेटरांना, जनता निवडत नव्हती, राज्याचे आमदार निवडायचे. मूठभर मतदार असले की काय होतं ते आपण पाहतोच : मतदानाच्या आधी सदस्य सहलीला जातात. माँटानाचे तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क यांच्यावर आमदार विकत घेतल्याचा ठपका आला आणि १९०० मध्ये त्यांना सिनेट सोडावं लागलं. डेलावेअरचे आमदार आपसात इतके भांडले की १९०१ ते १९०३ त्या राज्याच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या. सतराव्या दुरुस्तीने निवड थेट जनतेकडे दिली. सरपंच सदस्यांतून की थेट जनतेतून, हा आपल्याकडचा वाद त्याच जातीचा. उत्तरात सोळावी दुरुस्ती, म्हणजे प्राप्तिकर, तीही १९१३ ची, सोबत लिहा. तिचं महत्त्व पुढच्या पत्रात आहे.

बचत गटाच्या अध्यक्षा, शिरपूर तालुका : *आम्ही गावात बाटली आडवी करायला सह्या गोळा करतोय. गावातले शिकलेले लोक म्हणतात, अमेरिकेतही दारूबंदी फसली, तुमची काय टिकणार. त्यांना काय उत्तर द्यावं?*

मावशी, त्यांना आधी हे विचारा की अमेरिकेत ती कुणी मागितली. बायकांनी. १८७४ मध्ये त्यांची संघटना झाली, तेव्हा त्यांना मत नव्हतं. नवरा शनिवारचा पगार गुत्त्यावर घालवून आला तर बायकोच्या हातात काही नव्हतं. पंचेचाळीस वर्षं त्या लढल्या.

देशभर बंदी आली ती १७ जानेवारी १९२० ला आणि गेली ५ डिसेंबर १९३३ ला. ती का आली यात पैशाचा भाग मोठा आहे. आधी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा दारूवरच्या करातून यायचा. असं सरकार दारू कशी बंद करेल? १९१३ ला प्राप्तिकर आला, तिजोरीला दुसरा आधार मिळाला, आणि मग बंदीची वाट मोकळी झाली. १९२९ नंतर मंदी आली, प्राप्तिकर आटला, तेव्हा सरकारला दारूचा पैसा पुन्हा आठवला. नीती बदलली म्हणून बंदी उठली, असं कुणी म्हणालं तर हे त्याच्यापुढे ठेवा.

ती फसली हे मात्र खरं, आणि कशी फसली ते तुम्ही समजून घ्यायला हवं. कायद्याने गाळणं, विकणं, नेणं बंद केलं होतं, पिणं नाही. एवढ्या मोठ्या देशाला सुरुवातीला दीड हजारांच्या आसपास अधिकारी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची. शहरांत टोळ्या माजल्या. कारखान्यांसाठीच्या विषारी स्पिरिटची दारू करून विकली गेली आणि माणसं मेली. पण पहिल्या काही वर्षांत पिणं खूप घटलं, दारूने यकृत जाऊन मरणारेही घटले. हेही खरं आहे, आणि शिकलेले लोक ते सांगत नाहीत.

तुमची लढाई त्या जातीची नाही. देशभर बंदी येण्याआधी अमेरिकेत गावोगाव, जिल्ह्याजिल्ह्यात मत घेऊन दुकानं बंद होत होती. १९३३ नंतरही काही जिल्ह्यांनी आपली बंदी ठेवली, आजही आहे. तुमची आडवी बाटली म्हणजे तेच. मत जिंकल्यावर पहिले सहा महिने हातभट्टीकडे बघा. दुकान बंद होतं त्या आठवड्यात नाल्याच्या काठी धूर दिसायला लागतो. सह्या घेताना तिथे पहाऱ्याला येणाऱ्या बायांची नावंही वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.

एक तरुण, चाळीसगाव : *बाबासाहेब १९१३ ला न्यू यॉर्कला शिकायला गेले. तुम्ही त्या काळाला सुधारणांचा काळ म्हणता. मग काळ्या लोकांना त्या सुधारणा मिळाल्या का? बाबासाहेबांनी तिथे काय पाहिलं असेल?*

गेल्या अंकात याबद्दल मी दोन ओळींत आटोपलं, ही माझी चूक झाली. तुम्ही बरं विचारलंत.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये पोचले. त्याच मार्चमध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले होते. सुधारक म्हणून निवडून आलेला, विद्यापीठात शिकवलेला माणूस. त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षात टपाल आणि अर्थखात्याच्या कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबलं वेगळी झाली, जेवायची जागा वेगळी, शौचालयं वेगळी. पुढच्या वर्षी नोकरीच्या अर्जाला फोटो लावायची सक्ती आली. फोटो कशासाठी, ते सांगायला नको. दक्षिणेत मत द्यायला जाणाऱ्या काळ्या माणसासमोर कर आणि वाचनाची परीक्षा असे अडथळे उभे होते. १९२० मध्ये बायकांना मत मिळालं. टेनेसीच्या विधानसभेत चोवीस वर्षांच्या हॅरी बर्न यांच्या खिशात आईचं पत्र होतं, त्यांनी ऐनवेळी बाजू बदलली आणि कायदा तरला. मी ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगायची. पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना ते मत खऱ्या अर्थाने १९६५ च्या कायद्यानंतर देता आलं, हे सांगायला तास संपायचा. १९१३ च्या बायकांच्या वॉशिंग्टनमधल्या मोर्चात काळ्या पत्रकार आयडा वेल्स यांना सांगितलं गेलं की काळ्या बायकांबरोबर मागे चाला. त्या गर्दीत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या राज्याची तुकडी समोरून जायला लागल्यावर मधूनच तिच्यात शिरल्या.

बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीला लागून आहे. बाबासाहेब तिथे होते त्याच वर्षांत दक्षिणेतून काळी कुटुंबं उत्तरेकडे यायला लागली. वर पारोळ्याच्या भाऊंना लिहिलेला भुंगा, दुकानदाराची वही, झुंडीचे खून, हे एकीकडे, आणि युद्धामुळे कारखान्यांत मजूर हवे होते, हे दुसरीकडे. शिकागोत काळ्या लोकांचं 'डिफेंडर' नावाचं वर्तमानपत्र निघायचं. दक्षिणेत ते उघड विकणं धोक्याचं होतं. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत काम करणारे काळे सेवक त्याचे गठ्ठे लपवून न्यायचे आणि वाटेत ठरल्या ठिकाणी टाकायचे. तुमच्याकडून रेल्वे जाते, तुम्हाला हे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. १९१६ पासून १९७० पर्यंत साठ लाख माणसं अशी उठून गेली.

उत्तरेत तरी काय मिळालं? २७ जुलै १९१९, शिकागो, तलावाचा काठ. उकाड्याचा रविवार. पाण्यात कुठलीही भिंत नव्हती, दोरी नव्हती, पण गोऱ्यांचं पाणी इथवर आणि काळ्यांचं तिथून, असं सगळे मानत होते. युजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा मुलगा तराफ्यावर वाहत ती नसलेली रेघ ओलांडून गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले. मुलगा बुडाला. पोलिसाने त्या माणसाला पकडायला नकार दिला. आठवडाभर दंगल झाली, ३८ माणसं मेली. त्यानंतर आठ वर्षांनी महाडचं तळं आलं, आणि तुम्ही ते माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

बाबासाहेबांनी तिथे काय पाहिलं असेल यावर मी कल्पनेने लिहिणार नाही. त्यांनी स्वतः लिहिलं आहे की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळ्यांचे मोठे विद्वान डू बॉइस यांना पत्र पाठवलं आणि त्यांचा प्रश्न आपण अभ्यासत आलो आहोत असं कळवलं.

आणि तुमच्या चाळीसगावचं तर त्यांनी लिहिलंच आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आठवणींत. शोधून वाचा, एका संध्याकाळी वाचून होईल. १९२९ साल. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते धुळ्याकडचं काम करून परतत होते. चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवर बराच वेळ थांबल्यावर टांगा आला. वस्तीवर जाताना पुलावर चाक अडलं आणि बाबासाहेब दगडी फरसावर आदळले. घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. पायाचं हाड मोडलं, कित्येक दिवस त्यांना चालता आलं नाही. मागून त्यांना कळलं ते असं : स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार नव्हता. वस्तीच्या लोकांनी विनवण्या केल्या तेव्हा एक जण म्हणाला, टांगा भाड्याने देईन, पण मी हाकणार नाही. म्हणून ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता असा वस्तीतला एक माणूस लगाम धरून बसला होता.